पायऱ्यांचे गुण बंद

फायनलकाकांना काका म्हणायचं मला खरं तर काही कारण नव्हतं. ते माझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे. पण हिशेब तपासनिसांच्या आमच्या ऑफिसात दर वर्षी नवी शिकाऊ मुलं येतात, ती त्यांना काका म्हणतात, आणि त्यांच्या नादाने मीही म्हणायला लागले. ‘फायनल’ कुठून आलं ते सांगायला नको. व्यावसायिक परीक्षेचा शेवटचा टप्पा म्हणजे फायनल, आणि काका त्या टप्प्यावर सतरा खेपा बसले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं पास होऊन भागीदार झाली, त्यांच्या केबिनबाहेर पाट्या लागल्या. काकांचं टेबल मात्र खिडकीजवळच्या कोपऱ्यातून हललं नाही.

मी या ऑफिसात फोन घेते. फोन, टपाल, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद आणि सगळ्यांचे टोमणे, असं माझं काम. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको. घरी आम्ही सात माणसं आणि खोल्या तीन. सकाळी न्हाणीघरासाठी नंबर लावायचा, संध्याकाळी टीव्हीवरून भांडायचं. अशा बाईला एकटा राहणारा माणूस कसा दिसतो सांगू? मजेत असलेला दिसतो. मला फायनलकाकांचा मनापासून हेवा वाटायचा.

काकांचा एकच पेपर राहिला होता. कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांचा. बाकीचे सगळे त्यांनी एक एक करून केव्हाच सोडवले होते. या पेपरात चाळीसला पास, आणि काकांना कधी सदतीस पडायचे, कधी अडतीस. एकदा एकोणचाळीस पडले, तेव्हा ऑफिसात सुतक पडल्यासारखी शांतता होती. नापास व्हायचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काकांचं अक्षर मोत्यासारखं. रकाने पट्टीने आखायचे, प्रत्येक आकड्याखाली तो कुठून आला त्याची टीप लिहायची, टीप पुन्हा तपासायची. उत्तरापर्यंत पोचायच्या आधीच घंटा व्हायची. पण वाटेतल्या प्रत्येक बरोबर पायरीला गुण असायचे, आणि त्या पायऱ्यांच्या जोरावर काका दर वेळी चाळिसाच्या उंबरठ्यापर्यंत यायचे.

आणि मग परीक्षा मंडळाचं पत्रक आलं. टपाल मीच फोडते, त्यामुळे ते सगळ्यांत आधी मीच वाचलं. परीक्षा यापुढे संगणकावर. लिहायचं काही नाही. दिलेल्या माहितीवरून हिशेब करायचा आणि चार उत्तरांतलं एक निवडायचं. पायऱ्यांचे गुण बंद. उत्तर बरोबर तर दोन गुण, चूक तर शून्य. निकाल पेपर संपताच पडद्यावर. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ज्यांचा एकच पेपर राहिला आहे, त्यांना नव्या पद्धतीत एकच संधी. ती गेली तर आधी सुटलेले पेपरही रद्द, आणि सगळं पहिल्यापासून.

मी ते पत्रक काकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी ते तीन वेळा वाचलं. मग हिरवी पेन्सिल घेतली आणि त्या शेवटच्या ओळीवर टिक केली.

या टिकेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या धंद्यात आकड्यावर टिक म्हणजे, हा आकडा कुठून आला तो कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. शिकाऊ मुलं पाट्या टाकतात, रकानाभर सरसर टिका ओढतात. काका तसं करत नसत. एकदा एका मुलाने कागद न बघता टिका केलेल्या त्यांना सापडल्या, तर आठ दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं, असं तो मुलगा मला रडकुंडीला येऊन म्हणाला होता. सर, म्हणजे ऑफिसचे मालक, पाहुण्यांसमोर म्हणायचे, “आमच्या काकांची हिरवी टिक असली ना, की मी डोळे मिटून सही करतो.” पाहुणे हसायचे. काकाही हसायचे. सही सरांची असायची.

परीक्षेला पाच महिने होते. सगळे काकांना धीर द्यायला लागले. “आता सोपं झालं की काका! नुसतं बटण दाबायचं.” काका म्हणायचे, “हो ना, नुसतं बटण दाबायचं.”

ऑफिसात तेव्हा एक शिकाऊ मुलगी होती. उंचीने माझ्या खांद्याएवढी आणि तोंडाने आगीसारखी, म्हणून आम्ही तिला लवंगी म्हणायचो. तिचीही फायनल त्याच खेपेला होती. तिनेच काकांना हाताशी धरलं. काकांकडे घरी संगणक नव्हता, आणि ऑफिसातले सगळे कामात. जेवणाच्या सुट्टीत मोकळा असायचा तो एकच, माझा. माझ्या टेबलावरचा.

“ताई, एक ते दोन मी बसू का इथे?” काकांनी विचारलं.

“बसा की. मी काय संगणक उचलून डबा खाते?” मी म्हटलं. माझं बोलणं असंच असतं. पण खुर्ची पुसून दिली.

मंडळाने सरावासाठी एक परीक्षा काढली होती, अगदी खऱ्यासारखी. चाळीस प्रश्न. लवंगीने ती लावून दिली आणि काका बसले. एका कोऱ्या वहीत आकडेमोड करायचे, पडद्यावर उत्तर निवडायचे, पुढे जायचे. मी डबा खात बघत होते. चांगलं चाललं होतं. सुट्टी संपली तरी मी त्यांना उठवलं नाही, येणारे फोन हळू आवाजात घेतले. अडीच तासांनी त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर आकडा आला. शून्य.

चाळिसांपैकी एक तरी चुकूनसुद्धा बरोबर येतोच की! लवंगी धावत आली. तिने मागे जाऊन पाहिलं आणि टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. प्रत्येक प्रश्नाच्या कोपऱ्यात एक छोटी निशाणी होती. ती दाबली की प्रश्नाचा आकडा हिरवा व्हायचा. ती निशाणी कशासाठी? तर ज्या उत्तराची खात्री नाही ते बाजूला राखून ठेवायला. निशाणी काढेपर्यंत ते उत्तर धरत नाहीत. काकांनी प्रश्न सोडवला, उत्तर तपासलं, आणि खात्री झाल्यावर हिरवी निशाणी दाबली. चाळिसांच्या चाळीस.

“काका, अहो, एकतीस बरोबर आहेत तुमचे! एकतीस!” लवंगी डोळे पुसत म्हणाली. “सूचना वाचल्या नाहीत का? अकराव्या पानावर लिहिलंय.”

दुसऱ्यांच्या करारातलं बारीक अक्षर भिंग लावून वाचणारा माणूस, स्वतःच्या वेळी दहाव्या पानावर थांबला होता. बातमी वाऱ्यासारखी ऑफिसभर गेली. सरसुद्धा केबिनमधून बाहेर येऊन हसून गेले. काकाही हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण परत जाताना काका वही विसरून गेले, आणि ते कधी काही विसरत नसत.

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. निशाणी दाबायची नाही, हे काकांना कळलं होतं. त्यांच्या हाताला कळलं नव्हतं. उत्तर तपासलं की हात आपोआप कोपऱ्याकडे जायचा. दुसऱ्या सरावात अठरा निशाण्या, तिसऱ्यात बावीस. दाबून झाल्यावर लक्षात यायचं, मग मागे जाऊन काढत बसायचे, आणि त्यात वेळ जायचा. बरं, नाही दाबली तर पुढच्या प्रश्नात मन लागायचं नाही.

“टिक न करता पुढे जायचं म्हणजे दाराला कडी न लावता बाहेर पडल्यासारखं वाटतं हो ताई,” ते मला म्हणाले. “अर्ध्या रस्त्यातून परत यावंसं वाटतं.”

मग एक दिवस त्यांनी मला एक विचित्र गोष्ट सांगितली. मी समोर बसलेली असले तर त्यांचा हात आवरतो. आदल्या दिवशी मी फोन आला म्हणून उठून गेले तेवढ्यात तीन निशाण्या पडल्या होत्या, त्याआधी एकही नाही. “तुम्ही काही करू नका. नुसत्या बसा,” ते म्हणाले.

माझ्या जेवणाच्या सुट्टीवर आधीच सगळ्या जगाचा डोळा, त्यात हे! मी कुरकुरले. पण बसले. टपालाचे गठ्ठे लावत, डबा खात, मुलाच्या वहीला कव्हर घालत बसले. काकांचा हात कोपऱ्याकडे सरकला की मी घसा खाकरायचे. हात मागे यायचा. एवढंच माझं काम. चार महिने, रोज एक तास.

त्या तासात ते थोडंफार बोलायचे. आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ शिकत होता, म्हणून यांनी नोकरी धरली आणि स्वतःची परीक्षा पुढे ढकलली. भाऊ शिकला, दूरच्या शहरात गेला, तिकडेच त्याचं सगळं झालं. लग्नाचं काय, असं मी विचारलं. तोंड आवरत नाही माझं. “फायनल सुटल्यावर बघू म्हटलं होतं,” ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न वाचायला लागले.

परीक्षेच्या महिनाभर आधी काकांना ताप आला. तीन दिवस आले नाहीत. प्रवेशपत्रासाठी त्यांची सही हवी होती आणि मुदत संपत आली होती, म्हणून सरांनी मला आणि लवंगीला त्यांच्या घरी पाठवलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, स्वच्छ, इतकी की चपला काढायलाही संकोच वाटावा. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा. भिंतीलगत वह्यांच्या सतरा थप्प्या, प्रत्येकीवर कागदाची पट्टी आणि खेपेचा आकडा. दोरीवर दोन सदरे. फळीवर एक कप.

“बसा, बसा,” काका गडबडून उठले. पण बसायला खुर्ची एकच होती. मी तिच्यावर बसले, काका पलंगाच्या कडेवर, आणि लवंगी उभी राहिली. चहा करतो म्हणाले आणि फळीकडे बघून थांबले. मी म्हटलं, नको, आत्ताच घेतलाय.

कुठून आवाज नाही. माझ्या घरी या वेळेला कानाचे पडदे फाटतात. मला तिथून हलावंसंच वाटेना. “किती निवांत आहे हो तुमच्याकडे!” मी म्हटलं.

“हो,” काका म्हणाले. “निवांतच आहे.”

जिना उतरताना लवंगी वळून वळून त्यांच्या दाराकडे बघत होती. मी मात्र मनातल्या मनात ती खोली माझ्या नावावर करून घेत होते.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या सरावात एकही निशाणी पडली नाही, आणि मी घसासुद्धा खाकरला नव्हता. चाळिसांपैकी सव्वीस बरोबर. पासाला वीस पुरत होते. काकांनी वही मिटली. “तिथे तुम्ही नसणार,” ते म्हणाले.

“तिथे मी आहे असं समजा,” मी म्हटलं. “आणि मी चिडलेली आहे असं समजा.”

काकांचा पेपर दुपारचा, लवंगीचा दुसऱ्या दिवशी सकाळचा. त्या दुपारी मी घड्याळाकडे बघत होते, हे खरं आहे. पण साडेतीनला कुणा मोठ्या ग्राहकाची माणसं आली, फायलींची खोकी घेऊन. पोचपावतीसाठी कुरियरवाला समोर उभा. तीन लाइनी एकदम लुकलुकायला लागल्या. माझ्या मोबाइलवर मुलाच्या शाळेतून बाई बोलत होत्या, त्याने कुणाचा तरी चष्मा फोडला होता. मी एका कानाला तो फोन धरून दुसऱ्या हाताने ऑफिसचा उचलला.

“हॅलो, ताई, मी बोलतोय.”

“होल्ड करा,” मी म्हटलं आणि बटण दाबलं.

मग शाळेच्या बाईंची माफी मागितली, कुरियरवाल्याला सही दिली, खोकी मोजून घेतली, दुसऱ्या दोन लाइनी दोन केबिनमध्ये दिल्या. सरांनी आत बोलावलं, तिथेही दहा मिनिटं गेली. बाहेर आले तेव्हा फोनवरचे दिवे विझलेले होते. घरी जाऊन मुलाला रागावले, शेजारणीशी बोलले, भांडी घासली. झोपताना एकदम आठवलं, काकांचा पेपर होता. मग वाटलं, उद्या सांगतीलच की. आणि झोपले.

सकाळी मी दार उघडायला पोचले तर काका पायरीवर उभे. माझ्या आधी कुणी येत नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“सुटला,” ते म्हणाले. “एकतीस बरोबर.”

मी किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं ज्याची थट्टा केली ती गोष्ट झाली होती. मग मी बोलले ते पाठ केलेलं असावं असं बोलले. अभिनंदन, छान झालं, सगळ्यांना कळवलंत का.

काका हसले. म्हणाले, पडद्यावर ‘उत्तीर्ण’ असं आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. का केला ते त्यांनाही माहीत नाही. देखरेखीची मुलगी आली, पाणी हवंय का म्हणाली. “पास झालो,” काका म्हणाले. तिने ओठांवर बोट ठेवलं, बाकीच्यांचा पेपर चालू होता. खाली उतरल्यावर त्यांनी ऑफिसात फोन केला. मग भावाला केला.

“भाऊ काय म्हणाला?”

“म्हणाला, दादा, तू अजून देत होतास?” काका सांगताना पुन्हा हसले. “त्याची चूक नाही. आठव्या खेपेनंतर मीच सांगायचं सोडलं होतं.”

“मग लवंगीला तरी करायचा!”

“तिचा आज पेपर. मन विचलित झालं असतं.”

मी कुलूप काढलं. दोघं आत आलो. मी दिवे लावले, पण खुर्चीवर बसवेना. “मग काय केलंत?” मी विचारलं.

“मग काय. घरी गेलो. सहा वाजता टेबलाशी बसलो. रोजचंच. बसल्यावर लक्षात आलं, आता वाचायचं कशाला. पण मग करायचं काय? पुस्तक उघडलं आणि नऊपर्यंत त्याच पेपराचं वाचलं. एक जुनं उदाहरण कधी जमत नव्हतं, ते काल जमलं.” ते आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होते. “आज काय करायचं ते बघायला हवं.”

त्या खोलीचा मला हेवा वाटला होता. तिथली संध्याकाळ कशी जाते हे मी चार महिने त्यांच्यासमोर बसूनही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते.

“काका, मी तुमचा आवाज ओळखला होता,” मी म्हटलं. “काल. ओळखून होल्डवर टाकलं मी तुम्हाला. माझं चुकलं.”

“मला माहीत आहे ओळखला होतात ते,” काका म्हणाले. “परक्यांना तुम्ही ‘कृपया’ म्हणता, ‘एक मिनिट’ म्हणता. मला नुसतं ‘होल्ड करा’ म्हणालात. म्हणून तर अठ्ठावीस मिनिटं थांबलो.”